मेश्राम साहेब आणि मागच्या गल्लीचं दार

मेश्राम साहेबांनी पहिल्या भेटीत मला ना नमस्कार केला, ना आत बोलावलं. फाटकातच अडवून माझा मोजमापाचा टेप मागितला. मग खिशातून स्वतःचा टेप काढला, दोन्ही टेप फरशीवर शेजारी शेजारी पसरले आणि चष्मा कपाळावर सरकवून, ओणवे होऊन, या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघेशी रेघ ताडून पाहिली. टेप सारखे निघाले. त्यांचा चेहरा जरा पडल्यासारखा वाटला मला. "ठीक आहे," ते म्हणाले, "टेप तर बराबर आहे. आता माणूस पाहू."

दौलतराव मेश्राम हे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. उभी हयात त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासण्यात घालवली होती. वजनाच्या पोटात भरलेलं शिसं, काट्याखाली चिकटवलेली चिंच, तळ ठोकून वर आणलेलं तेलाचं माप, असं सगळं पाहून झालेलं. त्यामुळे जग म्हणजे एक मोठा बाजार आणि त्यातला प्रत्येक काटा कुठेतरी दाबलेला, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. "जो दुकानदार पहिले चहा मागवे, त्याचाच काटा मी पहिले पाहो," हे ते दर दोन वाक्यांनी सांगत. गंमत अशी की त्यांच्याच घरात आल्यागेल्याला पहिले चहा मिळायचा. तो आणायची त्यांची धाकटी बहीण, शांताबाई. मी कप उचलला की साहेब माझ्याकडे असे पाहत, जणू लाच मीच घेते आहे.

शांताबाई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नाही. वहिनी लवकर गेल्या, तेव्हा भावाचा एकुलता एक मुलगा राजेश शांताबाईंनीच वाढवला. धंतोलीतला तो बंगला विकत घेतला त्यातही त्यांचा अर्धा पगार कितीतरी वर्षं गेला होता. पण कागदावर नाव एकट्या दौलतरावांचं. तेव्हा तसंच असायचं, कोणी वेगळा विचार केला नाही. स्वतः शांताबाईंनीही नाही.

बंगला मध्यप्रांताच्या काळातला, कुण्या सरकारी अधिकाऱ्यानं हौसेनं बांधलेला. कवेलूचं, म्हणजे मातीच्या कौलांचं, उतरतं छप्पर, मान वर करून पाहावं असं उंच छत, तीन बाजूंनी व्हरांडा. मे महिन्यातही आतल्या हॉलमध्ये पाय टाकला की अंगावरचा घाम वाळायचा. साहेबांनी तो घेतला तेव्हा ओल धरलेला, भुताचा म्हणून बदनाम, गिऱ्हाईक नसलेला होता. तरीही निरीक्षकानं बंगला घेतला म्हटल्यावर गावभर कुजबुज झाली. चौकशी लागली. काही निघालं नाही, कारण काही नव्हतंच. पण त्या दिवसांत ओळखीची माणसं रस्ता बदलून जायची, हे ते विसरले नाहीत. मला वाटतं, साहेबांचा संशयी स्वभाव अर्धा नोकरीनं घडवला आणि अर्धा त्या चौकशीनं.

मला बोलावलं होतं राजेशनं. तो शहराच्या टोकाला, बेसा भागात, फ्लॅटमध्ये राहायचा, आठवड्यातून एकदा वडिलांकडे यायचा. आत्याचे गुडघे गेलेत, तिची खोली अंधारी आहे, न्हाणीघर लांब आहे, तर मागच्या अंगणात तिच्यासाठी थोडं वाढीव बांधकाम करायचं आहे, असं त्यानं फोनवर सांगितलं. मला हे काम फार आवडलं. प्रतापनगरच्या माझ्या ऑफिसात नेहमी येतात ती कामं म्हणजे पार्किंगच्या खांबांवर उभे केलेले डबे. इथे जुन्या घराला नवं घर जोडायचं होतं. मी जीव ओतून नकाशा काढला. जुन्या व्हरांड्यातून एक काचेचा बोळ निघतो, दोन्हीकडे झाडं, आणि त्यातून आपण अलगद आजच्या काळातल्या खोलीत येतो. जुनं जुन्यासारखं दिसावं, नवं नव्यासारखं, आणि दोघांनी एकमेकांचा हात धरावा. स्वतःच्या कामावर मी इतकी खूश क्वचितच झाले असेन.

साहेबांनी नकाशा उलटासुलटा पाहिला. मग काचेच्या बोळावर बोट ठेवलं. "हे जोडलं काहून?"

"दोन्ही घरं एक वाटावीत म्हणून."

"एक वाटावी असं कोणी सांगितलं? राजेशनं?"

"नाही, हे माझंच..."

"हे तोडा," ते म्हणाले. मग त्यांनी एकेक सांगायला सुरुवात केली. नव्या खोलीचा पाया वेगळा. भिंत वेगळी, जुन्या भिंतीला टेकायची नाही, मधून हात जाईल एवढी जागा सोडायची. विजेचं मीटर वेगळं, नळ वेगळा. आत स्वतंत्र स्वयंपाकघर. आणि जुन्या घरात उघडणारं दार ठेवायचंच नाही. दार ठेवायचं मागच्या गल्लीत.

मी थक्क झाले. वास्तुकलेचं सोडा, साधी माणुसकी म्हणूनही हे मला पटेना. आपल्याकडे चूल वेगळी झाली म्हणजे माणूस वेगळा काढला, हे शेंबड्या पोरालाही कळतं. जिनं पगार ओतला, पोर वाढवलं, त्या बहिणीला हा म्हातारा उतारवयात भिंतीपलीकडे काढतोय, दारसुद्धा ठेवत नाही! मी त्या दिवसापासून साहेबांवर संशय घ्यायला लागले. त्यांच्याजवळ राहून तो रोग लागतोच.

दोन दिवसांनी राजेशचा फोन आला. आवाज अगदी मऊ. "मॅडम, बाबा वयोमानानं काहीही बोलतात. तुम्ही तुमचाच प्लॅन ठेवा. एकच घर ठेवा. आत्या एकटी पडेल हो." मला त्याचं म्हणणं शंभर टक्के पटलं. आणि फोन ठेवल्यावर उगाचच मनात आलं, पहिले चहा कोणी मागवला?

मेश्राम साहेबांनी माझ्या बदललेल्या नकाशाची वाट पाहिलीच नाही. एका सकाळी गेले तर मागच्या अंगणात पायासाठी चुन्याच्या रेघा पडलेल्या. साहेब डोक्याला दुपट्टा बांधून खुर्चीवर बसलेले आणि त्या रेघांच्या बरोबर मधोमध शांताबाई उभ्या. हातात चहाचा ट्रे नव्हता. इतक्या शांत बाईचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा चढलेला ऐकला.

"दार कुठं आहे माह्यं?"

"गल्लीत," साहेब म्हणाले.

"मागच्या गल्लीत?"

"हाव."

त्या भागातल्या जुन्या बंगल्यांना मागून एक अरुंद गल्ली असते. ती सफाईवाल्यांसाठी ठेवलेली. पुढचं फाटक साहेबाचं, मागची गल्ली झाडणाऱ्यांची. आता तिथे सिमेंटचा रस्ता झालाय, लोक स्कूटर लावतात, पण शांताबाईंना ती गल्ली वेगळ्याच तऱ्हेनं माहीत होती.

"आईनं जलमभर याच गल्लीनं जाऊन लोकायची अंगणं झाडली, दादा," त्या म्हणाल्या. "समोरच्या फाटकातून एकाही घरात पाय ठेवला नाही तिनं. दीक्षा झाली, आपण शिकलो, मी नोकरी केली. या बंगल्यात मी समोरच्या फाटकातून आली. अन आता तू मले मागं धाडून राहिला?"

साहेबांनी दुपट्ट्याचं टोक चेहऱ्यावर ओढून घेतलं.

"काही चुकलं का माह्यं? चुकलं असन तर सांग. पण चूल वेगळी नको करू गा."

"ऊन होऊन राहिलं, आत जा शांते," एवढंच ते म्हणाले. त्या गेल्या. जाताना पायाखालची चुन्याची रेघ पुसली गेली, ती साहेबांनी उठून स्वतः पुन्हा मारली.

मी तिथेच सांगितलं की हे काम मी करणार नाही. मनात जे होतं ते तोंडावर बोलून टाकलं, बहिणीला घराबाहेर काढायचं घर मी बांधत नसते. मला वाटलं, ते ओरडतील. पण ते उठले, मला मागून जुन्या घरात घेऊन गेले आणि शांताबाईंच्या खोलीच्या दाराशी उभे राहिले. शांताबाई तेव्हा पुढच्या व्हरांड्यात होत्या. साहेबांनी तरी दोनदा वळून पाहिलं, खिडकीतून डोकावून घेतलं.

"हे दार कुठं उघडते?"

"हॉलमध्ये."

"हॉल कोणाचा?"

"तुमचा."

"आज माह्या. मी मेल्यावर राजेशचा. ज्याच्या हॉलमध्ये दार उघडते, खोली त्याची राहते मॅडम, कागदावर कोणाचंही नाव लिहा." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तो हॉल विकन, तर ही कुठून जाईन? मीटर त्याचं, तर दिवा कोणाच्या मेहेरबानीनं लावन? माह्या डोळ्यापुढं एका घरातून एक भाडेकरू म्हातारी नळ तोडून तोडून हाकलली लोकायनं. कायद्यानं नाही हाकललं. नळानं हाकललं."

मागची जागा आणि त्यावरचं नवं घर शांताबाईंना मिळावं असं इच्छापत्र त्यांनी केलं होतं. त्यावर साक्षीदार म्हणून सही करायला त्यांना माणूस हवा होता, आणि टेप बरोबर निघाल्यामुळे त्यांनी मला निवडलं होतं. एवढ्या दिवसांचा माझा राग कुठे ठेवावा ते कळेना.

"मग हे त्यांना सांगा ना! त्या बिचाऱ्या किती..."

"तिले?" ते जवळजवळ दचकलेच. "तिच्या पोटात गोष्ट राहत नाही. सकाळी सांगितली तर दुपारी राजेशले फोन करन. मंग तो येईन, आत्याच्या मांडीवर डोकं ठेवन, दोन आसवं काढन. अन ही म्हणन, बाबू, मले काही नको, तूच घे सारं. मी वळखतो तिले. शंका तिच्या मनावर नाही मले, तिच्या मायेवर आहे."

"राजेश तसा वाटत नाही," मी म्हणाले.

"मलेही नाही वाटत. म्हणूनच भेव लागते."

मी सही केली आणि नकाशा नव्यानं काढला. काचेचा बोळ गेला, त्याचं दुःख मला अजून आहे. पण गल्लीतलं दार मी मागचं दार राहू दिलं नाही. गल्लीच्या बाजूला रुंद ओटा केला, त्यावर बसायला दगडी बाक, मोठी खिडकी, उघड्या विटांची भिंत, आणि आधीपासून उभ्या कडुनिंबाची सावली बरोबर उंबऱ्यावर येईल अशी दाराची जागा धरली. नवं छप्पर जुन्या कवेलूंपेक्षा खाली ठेवलं, म्हणजे पुढून बंगला पाहणाऱ्याला मागे काही झालंय याचा पत्ता लागू नये. गल्लीतून पाहणाऱ्याला मात्र वाटावं, घराचं तोंड हेच.

बांधकाम चालू असताना ठेकेदार दर शनिवारी माझ्याकडे येऊन रडायचा. साहेब रेती बाटलीत घालून पाण्यानं घुसळून पाहत, खाली माती किती बसते ते ताडत. सिमेंटचं पोतं त्यांच्या नजरेसमोरच फोडावं लागायचं. गवंडी जेवायला बसले की हे भिंतीला ओळंबा लावून पाहणार. "मॅडम, हे भिंतीवर नजर ठेवून राहिले की आमच्यावर?" ठेकेदार विचारायचा. दोन्हीवर, मी सांगायचे. तो निम्मा वैतागून आणि निम्मा घाबरून काम करायचा, आणि खरं सांगायचं तर माझ्या कुठल्याच कामात इतकी सरळ भिंत उभी राहिली नाही.

शांताबाई त्या काळात मागच्या अंगणाकडे फिरकल्यासुद्धा नाहीत. भावाशी बोलणं कामापुरतं. शेजारणींना काय सांगायचं ते त्यांनी सांगितलं असणार, कारण लोक साहेबांकडे पुन्हा तसेच पाहू लागले होते, जसे चौकशीच्या दिवसांत पाहायचे. साहेबांनी ते सहन केलं. मला कधी कधी वाटायचं, आपणच जाऊन सांगून टाकावं. पण ते गुपित माझ्या मालकीचं नव्हतं.

घर झालं. विहारातल्या भन्तेजींनी परित्राण पाठ केला, खीर वाटली, आणि दारावर साहेबांनी स्वतःच्या हातानं पितळी पाटी लावली: शांता मेश्राम, सेवानिवृत्त परिचारिका. राजेशनं पाटी वाचली, हसून "वा, आत्या" म्हणाला. शांताबाईंनी तिकडे पाहिलंच नाही.

त्याच संध्याकाळपासून साहेबांनी एक नवंच सुरू केलं. अंगणातून चार पावलांवर बहिणीची भिंत, पण दार नाही. तेव्हा ते काठी घेऊन पुढच्या फाटकातून निघत, रस्त्यानं पूर्ण वळसा घालून मागच्या गल्लीत येत, ओट्यापाशी थांबत आणि कडी वाजवून विचारत, "शांते, येऊ का आत?"

"घर तुह्यंच आहे, विचारतं कायले?" आतून रागानं उत्तर यायचं.

"नाही. घर तुह्यं आहे. येऊ का?"

मग त्या "ये" म्हणत, आणि हे आत जाऊन जेवत. रोज. शांताबाईंना वाटायचं, दादा जखमेवर मीठ चोळतो. गल्लीतले लोक हसायचे, स्वतःच वेगळी काढली आणि आता जेवायला तिच्याच दारात. मी एकदा त्यांना विचारलं, हे कशासाठी? ते म्हणाले, "सारी नोकरी मी कोणाच्या दुकानात विचारून गेलो नाही मॅडम. ज्या जागी कोणीही विचारल्याशिवाय घुसते, ती जागा त्या माणसाची नसते. तिले सवय लागली पाहिजे. लोकायलेही."

साहेब गेल्या हिवाळ्यात गेले. झोपेतच. शेवटपर्यंत त्यांनी बहिणीला काही सांगितलं नाही. इच्छापत्र उघडलं तेव्हा वकिलाच्या खोलीत मीही होते. राजेश म्हणाला, "बाबांनी मला विचारलं असतं तर मीच दिलं असतं." तो खरं बोलत होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही. शांताबाईंना मात्र धक्का बसला. त्या माझा हात धरून जिना उतरल्या आणि रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "मी त्याले रोज वाढत होती अन मनात रोज त्याले बोल लावत होती. त्यानं तेवढं खाल्लं कसं हो?"

उन्हाळ्यात राजेशनं बंगला बिल्डरला दिला. कवेलू उतरले, सागवानी दारं कोणीतरी घेऊन गेलं, मग यंत्र आलं. मला भीती होती, नव्या घराला तडे जातील. एकही गेला नाही, मधे हात जाईल एवढी जागा होती. त्या दिवशी मी मुद्दाम गेले आणि दुपारी शांताबाईंकडे जेवायला थांबले. तेवढ्यात राजेश आला. धुळीनं माखलेला, रडवेला. आपलं बालपण पडताना पाहून आला होता, डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्यानं आत्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. मी ताटावरून उठूही शकेना.

"आत्या, एकटी नको राहू इथं. माझ्याकडे चल. बिल्डर मागची जागाही घ्यायला तयार आहे. तू फक्त हो म्हण."

शांताबाईंनी त्याच्या केसांतली धूळ झटकली. बराच वेळ त्या त्याचं डोकं कुरवाळत राहिल्या. साहेबांनी त्या दाराशी उभं राहून मला जे जे सांगितलं होतं, ते सगळं डोळ्यांपुढे घडत होतं, अगदी मांडीपर्यंत.

"तू मले लई प्रिय आहे बाबू," त्या म्हणाल्या. "रोज ये. जेव. झोपायचं असन तर झोप. पण हे घर मी देणार नाही."

त्यानं मान वर करून पाहिलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, तितक्याच मायेनं. "नाही देणार, बाबू."

तो जेवला आणि गेला. शांताबाईंनी त्याचं ताट उचललं, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून तिथेच उभ्या राहिल्या.

"दादा माह्याबाबतीत चुकला न मॅडम?" त्यांनी विचारलं. "मले सांगितलं असतं तरी चाललं असतं न?"

"हो," मी म्हणाले. "तुमच्याबाबतीत साफ चुकले."

त्या ओट्याला धरून रडू लागल्या. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच.